पोरांना ओव्हरटाइम का नकोय?

शॉपफ्लोअर_चाकण: आमच्या कारखान्याच्या शॉपमध्ये रविवारचा ओव्हरटाइम निघाला की जुने कामगार मागं लागायचे, 'साहेब, माझं नाव टाका.' कायद्यानं दुप्पट दर. त्यावर कुणी गावाकडं स्लॅब टाकला, कुणी पोरीचं लग्न उरकलं. आता तेविशीतलं पोरगं सांगतं, "सर, ओटी नको, सुट्टी द्या." शंभर टक्के हजेरीला प्रेशर कुकर ठेवला, तर एकानं विचारलं, कुकरऐवजी दोन रजा मिळतील का? ही पिढी पैशानं हलत नाही, असं माझं मत झालंय.

जुना_टर्नर: साफ असहमत. आम्ही काय कामाच्या प्रेमापोटी मरत होतो? आयटीआय केलं, चिकटलो, कायम झालो. दर तीन-चार वर्षांनी युनियनचा करार, पगारवाढ ठरलेली. तुमच्या शॉपमधली किती पोरं कंपनीच्या रोलवर, म्हणजे कायम आहेत, ते आधी सांगा. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागत आली आणि यांना अकरा महिन्यांनी ब्रेक! आणि कॉट बेसिसवर, भाड्याच्या खोलीत नुसत्या खाटेपुरतं राहणाऱ्यानं कुकर न्यायचा कुठं?

शॉपफ्लोअर_चाकण: रोलवरचे दोन वेल्डरही नाहीच म्हणतात. घर वडिलांचं, हप्ता नाही. त्यांचं काय?

हिंजवडी_फेज२: टर्नरकाका, मी आयटीत कायम आहे, तरी रविवार देणार नाही. बाबांनी कंपनीला उभी हयात दिली आणि एक दिवस व्हीआरएसचा चेक घेऊन घरी आले. तेव्हा मी सातवीत होते. निष्ठेचं काय होतं ते घरातच पाहिलंय. २०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, मग २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष ९० वर गेले. हसू येतं.

जुना_टर्नर: ताई, बाबांचं वाईट वाटलं. पण मग मार्च २०२३ चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप आठवा. 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. भांडण होतं ते १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या, जुनी पेन्शन नसलेल्यांसाठी, म्हणजे तरुणांसाठीच. शाश्वती कुणाला नको असते?

हिंजवडी_फेज२: सरकारी नोकरीत पेन्शनचा शब्द देणारं कुणीतरी आहे. आम्हाला देणारा दाखवा.

जुना_टर्नर: तेच तर म्हणतोय! दोष पोरांचा नाही, शब्द देणारे गेले. चाकणकर, आधी कायम करा, मग ओटीचं विचारा.

शॉपफ्लोअर_चाकण: कायम करायला मी मालक आहे का? सुपरवायझर आहे. या रविवारी लाइनला आठ जण हवेत, सहाच मिळालेत.