मदत हवी आहे: डोळे बांधून क्यूब, मराठी अक्षरं आणि निसटणारे कोपरे

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची. आठवीतल्या लेकीमुळे रुबिक क्यूबचा नाद लागला आणि गेल्या दिवाळीपासून डोळ्यांवर पट्टी बांधून सोडवायच्या मागे आहे. त्यासाठीची ओल्ड पॉचमन नावाची पद्धत शिकले आहे. कडांना टी-पर्म, कोपऱ्यांना थोडा बदललेला वाय-पर्म (हे अल्गो, म्हणजे तुकड्यांची अदलाबदल करणाऱ्या ठरलेल्या चाली). सेटअप करायचा, म्हणजे हवी ती जागा अल्गोच्या टप्प्यात आणायची, अल्गो मारायचा, सेटअप उलटा फिरवायचा. दर वेळी एक तुकडा घरी. हात आता चुकत नाहीत. गाडी अडते ती कुठला तुकडा कुठे न्यायचा हे आधी पाठ करण्यात.

सगळीकडे कोपऱ्यांच्या २४ आणि कडांच्याही २४ स्टिकरांना ए ते एक्स अशी इंग्रजी अक्षरं देतात, आणि तुकडे जायच्या क्रमाने दोन-दोन अक्षरांचे शब्द करून लक्षात ठेवतात. मला त्यांचे शब्दच सुचेनात. एका रात्री वही घेऊन बसले आणि आपल्या वर्णमालेकडे बघतच राहिले. क्यूबच्या प्रत्येक बाजूला कोपऱ्यांचे स्टिकर चार, कडांचेही चार. आणि वर्गातलं अनुनासिक सोडलं तर अक्षरं उरतात चारच! वरची पांढरी कखगघ, डावी नारिंगी चछजझ, समोरची हिरवी टठडढ, उजवी लाल तथदध, मागची निळी पफबभ, खालची पिवळी यरलव. सहा चोक चोवीस, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. प-ढ आलं की पेढा, घ-व आलं की घेवडा, र-थ तर आयताच रथ. इंग्रजीत मला एका जोडीला मिनिट लागायचं, इथे चित्र आपोआप डोळ्यांसमोर येतं. म्हणून ही अक्षरं मला सोडायची नाहीत.

पण तीन ठिकाणी अडकले आहे.

घ आणि ध. परवा कडांमध्ये ध-र होतं. मी नुसतं ‘धर, धर’ म्हणून तोंडात घोळवत ठेवलं. पट्टी बांधल्यावर त्याचं ‘घर’ झालं, आणि उजवी-समोरची कड सोडून मी वर-डावीकडची हलवली. पुढचं सगळं वाया. शिवाय ठ-झ, थ-फ अशा जोड्यांना काही केल्या शब्द सापडत नाही.

दुसरं, मी आधी कोपरे पाठ करते, मग कडा. सोडवताना मात्र कडा आधी. कोपऱ्यांची पाळी येईपर्यंत शेवटची दोन-तीन अक्षरं पुसलेली असतात.

तिसरं मला कळतच नाही. सगळं बरोबर केलंय अशी खात्री असते, पट्टी काढते, तर दोन कोपरे आपापल्या जागी पण फिरलेले. लेक माझ्या चेहऱ्यासमोर वही धरून बसलेली असते, तिचा चेहरा माझ्याआधी पडतो.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, अक्षरं अजिबात बदलू नका.

तिसऱ्यापासून सुरू करतो. जागेवर असलेला कोपरा सुटलेला आहे असं समजून तुम्ही त्याला वगळताय. रंग जुळले तरच तो सुटला. तुमच्या मांडणीत खालच्या-समोरच्या-उजव्या कोपऱ्यावर र, ड, ध ही अक्षरं येतात. तो जागच्या जागी फिरला असेल तर यातली दोन सलग पाठ करायची. कुठली आधी, ते तो कुठल्या अंगाला फिरलाय त्यावर. पट्टी बांधण्याआधी आठही कोपरे एकदा बोटाने मोजा.

क्रम उलटा करा. आधी कडा पाठ करा, पण चित्रांनी. साधारण सहा जोड्या होतात. त्या मनातल्या मनात साताऱ्यातल्या ओळखीच्या रस्त्यावर ठेवा: पोवई नाका, कमानी हौद, मोती चौक, राजवाडा, मधली ठिकाणं तुमची तुम्ही घाला. कोपरे सगळ्यात शेवटी, नुसते पुटपुटत, आणि पट्टी बांधल्याबरोबर तेच आधी सोडवा. आवाज फार वेळ टिकत नाही, चित्र टिकतं. म्हणूनच तुमचा ‘धर’ गेला. दुधाची धार बघितली असती तर त्याचं घर झालं नसतं. पॅरिटी असेल, म्हणजे अक्षरांची संख्या विषम आली, तर तिचा आर-पर्म हा अल्गो कोपरे आणि कडा यांच्या मध्येच मारायचा, क्रम बदलला तरी चालतो.

शब्द नसलेल्या जोड्यांना दोन वस्तू द्या. थ-फ म्हणजे थाळीत फणस. एकदा वहीत लिहिलं की मग बदलायचं नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, खूप आभारी आहे. काल रात्री चार वेळा केलं. कमानी हौदात पेढा तरंगताना अजून दिसतोय! चौथ्या वेळी आठही कोपरे बरोबर आले, लेकीने वही टाकून मिठीच मारली. दोन कडा मात्र जागेवरच उलट्या राहिल्या. कोपऱ्यांचाच नियम तिथेही लावायचा ना, म्हणजे त्या कडेची दोन्ही अक्षरं सलग? आणि ठ-झला काय देऊ? ठोकळ्यावर झुरळ सुचलंय, पण ते मला बघवत नाही.