सहलीची यादी आणि तीन बूचकाढणी

व्हिक्टोरियाकालीन सहल म्हणजे चार सँडविच घेऊन हिरवळीवर बसणे, असे सहसा मानले जाते. त्याला थोडी पुस्ती जोडावीशी वाटते. इंग्रज लेखिका इझाबेला बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थापनावरील ग्रंथात ४० माणसांच्या सहलीची यादी आहे आणि तीत भाजलेल्या थंड गोमांसापासून ६ शेवंडी व लेट्यूसच्या १८ गड्ड्यांपर्यंत सारे मोजून दिले आहे. मला मात्र त्यातले बारकावे अधिक मोलाचे वाटतात: पुदिन्याच्या सॉसची बाटली घट्ट बूच लावून न्यावी, साखरेत शिजवलेली फळे काचेच्या बाटल्यांत भरावीत, ३ बूचकाढणी घ्यावीत, आणि पाणी बहुधा तिथेच मिळत असल्याने ते वाहून नेऊ नये. उघड्यावर कॉफी करणे अवघड, म्हणून ती टाळून त्यांनी तीन-चार चहादाण्या न्यायला सांगितल्या आहेत.