शब्दचर्चा: ऑगस्टमध्ये येणारी 'माणसं'

शिंपला:
माझ्या सासूबाई वेल्श. त्यांचं लहानपण १९५०च्या दशकात अबरदारोनला गेलं. लीन द्वीपकल्पाच्या अगदी टोकाचं गाव. रेल्वे पुल्हेलीला संपते, पुढे अरुंद रस्ता. त्यांच्या आठवणी मुलींसाठी मराठीत लिहून काढतेय आणि दोन ठिकाणी अडलेय.

जवळच पोर्थोर नावाचा किनारा आहे. तिथल्या कोरड्या वाळूवरून पाय घासत चाललं की वाळू वाजते. इंग्रजीत त्या जागेला 'व्हिसलिंग सँड्स' म्हणतात. 'शिट्टी मारणारी वाळू' लिहून पाहिलं, जत्रेतलं खेळणं वाटतंय.

दुसरा शब्द 'पोबोल दियार्थ'. सुट्टीला गावात येणारे लोक. शब्दशः अनोळखी, परके. पण घरी चहाला आलेल्या मावशीलाही हेच म्हणतात! ऑगस्टमध्ये चांगल्या खोल्या या लोकांना भाड्याने द्यायच्या आणि घरच्यांनी परसातल्या खोपटात झोपायचं. पोरांची चंगळ, आईचे हाल. 'पर्यटक' लिहवत नाही.

तळकोकणी:
आधी तो 'किनारा' काढा. वाळूचा आहे ना? मग 'पुळण'. बाकी, आवाज नेमका कसा?

शिंपला:
शीळ तर मुळीच नाही. नव्या वहाणा करकरतात त्याहून बारीक, वरच्या पट्टीतला. वाळू भिजली की गप्प.

शब्दवेडी:
मग 'चिरकते'! गळा चिरकतो तशी वाळू चिरकते. आणि जागेला पोर्थोरच म्हणा. गावातल्या पोरीच्या तोंडी इंग्रजी नाव कशाला घालता?

वाटसरू:
वेल्श म्हणजे 'हिराय्थ', म्हणजे दूर राहिलेल्या घराची-गावाची हुरहूर, आलंच पाहिजे. त्याला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी:
त्याला वेगळा धागा काढा हो. त्या एका शब्दापायी बाकीची भाषा कुणी बघतच नाही.

तळकोकणी:
परक्यांसाठी गोव्यात 'भायले' आहे, पण त्याला आता धार आलीय. 'उपरे' त्याहून वाईट. 'चाकरमानी'ही नको, तो गावचाच असतो. सरळ 'पाहुणे' का नको?

शिंपला:
पैसे देऊन राहणारा पाहुणा कसा?

तळकोकणी:
घरचे नियम पाळत असेल तर पाहुणाच. पुल्हेलीजवळ १९४७ साली बटलिन्सचा मोठा हॉलिडे कॅम्प सुरू झाला. तिथल्यांना खुशाल पर्यटक म्हणा, ते कुणाच्या माजघरातून ये-जा करत नव्हते.

शिंपला:
नियमांचं म्हणाल तर रविवार! १८८१च्या कायद्याने वेल्समधले पब रविवारी बंद झाले. पुढे एकेका भागाने मतदान करून ते उघडले, पण अबरदारोन ज्या भागात येतं तिथे ही बंदी १९९६पर्यंत टिकली. बर्मिंगहॅमच्या एका काकांनी रविवारी बिअर कुठे मिळेल म्हणून विचारलं, तर सासूबाईंनी त्यांना चॅपलची वेळ सांगितली. तेव्हा त्या आठेक वर्षांच्या असतील.

शब्दवेडी:
भारीच! पण 'पाहुणे' म्हटलं की अनोळखीपणा जातो. आपण 'आज घरी माणसं यायचीत' म्हणतो ना? त्यात मावशीही बसते आणि बर्मिंगहॅमचे काकाही. 'ऑगस्टभर घरात माणसं असायची आणि आम्ही खोपटात.' वाचून बघा.

तळकोकणी:
'माणसं' म्हणजे आमच्याकडे कामाला लावलेलीही. पहिल्यांदा तरी 'बाहेरची माणसं' लिहा, पुढे नुसतं 'माणसं' चालेल.

शिंपला:
हे पटलं. 'बाहेरची माणसं' घेते, वाळूला 'चिरकते'. 'पुळण' मात्र मुलींना समजावून सांगावी लागेल.

शब्दवेडी:
मूळ वेल्श शब्दही एकदा देऊन टाका. आजीशी बोलताना लागेल त्यांना.

शिंपला:
तो त्यांना येतोच. अडतं ते मराठीपाशी.