गर्दीपूर्वीचे महाबळेश्वर
निवृत्तीनंतर महाबळेश्वरात वेळ कसा जातो, या प्रश्नावर आतापर्यंत पर्यटकांच्या सोयींचीच चर्चा झाली आहे. आम्हा रहिवाशांचा शरद ऋतू मात्र वेगळा असतो. पावसाळ्यात कपाटात कुबट झालेले स्वेटर एकदा उन्हात टाकून झाले, की साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधविलेल्या वेण्णा तलावाच्या काठाने आम्ही तिघे-चौघे रोज सकाळी चालतो आणि धुके उठून पलीकडची झाडे दिसू लागेपर्यंत बाकावर बसून राहतो. दिवाळीची गर्दी उसळण्यापूर्वीचे हे दिवस खरे आमचे. घोडेवाले निवांत असतात, चहा लवकर मिळतो आणि रक्तदाबाच्या गोळ्यांवरून सुरू झालेल्या गप्पा (त्या काही टळत नाहीत) कोजागरीच्या आटीव दुधापाशी येऊन थांबतात.