लोहचुंबक घरीच ठेवा

अशनी म्हणजे अवकाशातून पडलेले दगड; ते शोधून विकणारे सगळे धंदेवाईक, त्यांचा विज्ञानाला काय उपयोग, असं कुणीतरी म्हटलंय. अर्धंच पटलं. २०१२ साली कॅलिफोर्नियात सटर्स मिलचा अशनी पडला, तेव्हा दोन दिवसांत पहिला तुकडा हुडकला तो एका खासगी शोधकानेच. पावसाआधी हाती लागलेले हे मोजके तुकडे फार मोलाचे, कारण त्यातली काही खनिजं पाणी लागलं की संपली. शिवाय अधिकृत नाव हवं तर २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यातलं जे कमी ते अशनी जपणाऱ्या संग्रहालय किंवा संशोधन संस्थेकडे जमा करावंच लागतं. नाव नाही तर भाव नाही!

खरी खोट चुंबकात आहे. बहुतेक अशनींत लोह असतं, म्हणून शोधक दगडाला चुंबक लावून बघतात. मंगळावरून आलेल्या 'ब्लॅक ब्यूटी' या अशनीतली त्या ग्रहाच्या प्राचीन चुंबकीय क्षेत्राची नोंद अशा शोधकांच्या चुंबकांनीच पुसली. आणि आपल्या पुण्यात तर चुंबक फसवतोच. सिंहगडाच्या वाटेवरचा काळा बेसाल्टही त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजामुळे त्याला ओढ दाखवतो. असा एक गोटा मी वर्षभर शोकेसमध्ये मिरवला. शेवटी मामेभावाने भिंगातून बारीक बुडबुड्यांची छिद्रं दाखवली. अशनीत ती सहसा नसतात. गोटा सध्या तुळशीच्या कुंडीत.