तोक्योच्या ख्रिस्ती महिला विद्यापीठात भाचीला पाठवावं का?

पुण्याची_मावशी: भाची जपानी शिकतेय, तिला तोक्यो महिला ख्रिस्ती विद्यापीठात जायचंय. घरच्यांना एकच धास्ती, तिथे धर्मांतराचा आग्रह होतो का?

निशिओगीकर: ताई, मी जवळच निशी-ओगिकुबोला राहते. निर्धास्त राहा. बहुतेक मुली ख्रिस्ती नाहीतच. चॅपलमध्ये प्रार्थना होते, सक्ती नसते. १९१८ मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पहिले अध्यक्ष होते इनाझो नितोबे, जुन्या ५,००० येनच्या नोटेवरचे. पण माझा जीव जडलाय तो यासुई तेत्सु यांच्यावर. इंग्लंडमध्ये शिकल्या, सयाममध्ये मुलींना शिकवलं आणि नितोबेंनंतर अध्यक्ष झाल्या. त्या काळी जपानमध्ये मुलीनं शिकायचं ते 'चांगली बायको, शहाणी आई' होण्यासाठी. या दोघांनी तिला आधी माणूस म्हणून पाहिलं, हे मला फार मोठं वाटतं. अँटोनिन रेमंड यांनी आखलेल्या इमारती तर बघतच राहाव्यात! एका दर्शनी भिंतीवर बायबलमधलं वचन लॅटिनमध्ये कोरलंय: जे जे सत्य आहे ते.

कर्वेनगरची_माजी_विद्यार्थिनी: तोक्योचं आपल्याशी जुनं नातं आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी तिथल्याच दुसऱ्या एका संस्थेची, जपान महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचली आणि १९१६ मध्ये इथे महिला विद्यापीठ काढलं. त्या जपानी विद्यापीठाचे संस्थापक जिन्झो नारुसे पूर्वी पाद्री होते.

पुण्याची_मावशी: दोघींचे मनापासून आभार. हे आजच तिच्या आजीला वाचून दाखवते. निशिओगीकर ताई, त्या भागात मुलीला शाकाहारी जेवण मिळेल का?