उद्याचा शो : चाळीस नावं हवीत (आणि सर्वपित्रीचं काय?)

चिटणीस, टिळकवाडी
शनिवार, २० सप्टेंबर २०२५, सकाळी ७.०५

मंडळी, काल रात्री थिएटरवाल्यांशी परत बोललो. आधी नकारच होता. आता 'साबर बोंडं'चा एक शो द्यायला तयार झालेत : उद्या रविवार, सकाळी ९.४५. अट मागच्या वेळचीच. चाळीस तिकिटं धरायची, पैसे आधी भरायचे. आज संध्याकाळी पाचला आकडा सांगायचा आहे आणि माझ्याकडे आत्ता चौदाच नावं आहेत.

जानेवारीत अमेरिकेतल्या सन्डान्स चित्रपट महोत्सवात पारितोषिक मिळालं तेव्हा मंडळाच्या याच लिस्टवर प्रत्येकाने विचारलं होतं, बेळगावात कधी येणार म्हणून. काल सिनेमा लागला. आता आपणच गेलो नाही तर पुढच्या मराठी सिनेमासाठी शो मागायला मी कुठल्या तोंडाने जाऊ? नाव आणि किती जण, एवढं इथेच लिहा. फोन करू नका, घोळ होतो.

अण्णा, शहापूर
सकाळी ७.४०

चिटणीस, उद्या सर्वपित्री अमावास्या आहे. कॅलेंडर बघितला नाहीत काय? चाळीसांतली तीस घरं सकाळी चुलीपुढं असणार. आमच्याकडं बाराच्या आत पान वाढून गच्चीवर ठेवायचं असतंय. कावळा शिवल्याशिवाय घरात कोण जेवत नाही, आणि आमच्या गल्लीत कावळेच कमी झालेत. मागच्या वर्षी दीड वाजेपर्यंत वाट बघितलो. पहाटे उठून खीर-वडे करणाऱ्या बायका पावणेदहाला थिएटरात कशा येतील?

माझा सिनेमाला विरोध नाही. ग्लोब, चित्रा, प्रकाश चालू होती तेव्हा पहिल्या दिवशीचा पहिला शो सोडला नाही. खरं, हा सिनेमा बाप गेल्यावरच्या दहा दिवसांचा आहे असं ऐकलो. घरचे पितर जेवायला येणार त्याच दिवशी तो बघायचा? मनाला पटत नाही.

वडगावची, सध्या पुणे
सकाळी ८.२०

अण्णा, मी काल संध्याकाळी इथे बघून आले. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते. दिवस कुठलाही ठरवा, पण बघा.

आनंद मुंबईत वाढलेला. वडील गेले म्हणून आईबरोबर गावी येतो आणि दहा दिवस तिथे अडकतो. हे करू नको, तिथे बसू नको, असं सांगणारे नातेवाईक चारी बाजूंनी. गावात लहानपणीचा मित्र बाळ्या आहे, शेती करणारा. त्या दोघांचं प्रेम हळूहळू उलगडत जातं, शेरडं चारता चारता, बांधावर बसून. मोठं भाषण नाही, मारामारी नाही.

पार्श्वसंगीत अजिबात नाही. सुरुवातीला मला चुकल्यासारखं झालं. कान सवयीने वाट बघत होते, आता सूर लागेल, मग आपण रडायचं. सूर येतच नाही. मग माणसांचे श्वास ऐकू येतात, बोलता बोलता थांबणं ऐकू येतं. कॅमेरासुद्धा सोप्यात टेकून बसलेल्या माणसासारखा एका जागी बसून बघतो. ही शांतता फोनवर मिळायची नाही, म्हणून थिएटरच हवं.

आणि आई! जयश्री जगताप. नवरा गेल्याचं दुःख, वर मुलाला नातेवाइकांपासून जपायचं. तिला मुलाचं सगळं ठाऊक आहे. वडिलांनाही होतं. भूषण मनोजचा आनंद आणि सूरज सुमनचा बाळ्या दोघेही मनात राहतातच, पण मी आईसाठी परत जाणार आहे.

दोन तासांच्या आत संपतो. म्हणजे ९.४५ चा शो बाराच्या आतबाहेर सुटेल.

खजिनदार
सकाळी ८.४५

पैशांबद्दल. मंडळाच्या खात्यातून आगाऊ रक्कम देता येणार नाही. दिवाळीच्या नाटकाच्या वेळी दिली होती, त्यातली सहा तिकिटं शेवटी माझ्या खिशातून गेली. तो विषय मी उकरत नाही, पण परत तेच होऊ देणार नाही. नाव लिहिणाऱ्याने दुपारी दोनपर्यंत पैसे पाठवावेत. पैसे नाहीत तर नाव धरणार नाही.

सांस्कृतिक समिती, हिंदवाडी
सकाळी ९.३०

थिएटरशी बोलणी सांस्कृतिक समितीने करायची, असं मार्चच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरलं होतं. चिटणीसांनी धावपळ केली त्याबद्दल मनापासून आभार. पण आम्हाला विचारलं असतं तर रविवारची अमावास्या आम्ही तिथेच सांगितली असती. आमच्या यादीत फक्त सिनेमाला येणारी बावीस घरं आहेत. ती यादी कुणी मागितलीच नाही.

सोमवारी घटस्थापना, तो दिवसही गेला. मंगळवार संध्याकाळ मागून बघावी. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड असते, तरुण पोरं तिकडून घरी येऊन कामाला जातात, त्यांनाही संध्याकाळच बरी.

खानापूर
सकाळी ९.५०

आमच्याकडं किती जणांना साबर बोंडं म्हणजे काय ते माहीत आहे? काल घरात विचारलो तर नातवाला वाटलं कापसाची बोंडं. फड्या निवडुंगाचं लाल फळ! इटगी-बिडीकडच्या कोरड्या बांधांवर दाट कुंपणं होती याची. शाळेतली कन्नड बोलणारी पोरं पापासकळ्ळी म्हणायची. वरची मोठी काटं दिसतात, ती टाळता येतात. बारीक केसासारखी कुसं असतात ती दिसत नाहीत आणि बोटांत शिरली की दोन दिवस जात नाहीत. आम्ही फळ काठीनं पाडायचो, गवतावर पायताणानं घोळसायचो, मग सोलायचो. आत लालभडक गर, जीभ लाल व्हायची. घरी खोटं बोलून चालायचंच नाही, आई म्हणायची जीभ काढ.

त्या निवडुंगावर पांढरी कापसासारखी कीड पडायची, चिरडली की लाल रंग निघायचा. पुढं कुंपणंही गेली, तारा आल्या. कुणी प्रेमानं सोलून दिलेलं ते फळ ज्यानं खाल्लंय त्याला या सिनेमाचं नाव वेगळं समजावून सांगायला लागत नाही. दोन तिकिटं धरा. कुठल्याही दिवशी.

निपाणी
सकाळी १०.३५

आम्ही चौघं यायला तयार, खरं, रविवारी पावणेदहाला निपाणीहून पोचायचं म्हणजे साडेसातला निघायला पाहिजे. त्यापेक्षा सगळ्यांनी कोल्हापूरला का जाऊ नये? एक गाडी ठरवली की झालं.

दुसरं. वडगावच्या ताईंनी लिहिलं म्हणून कळलं की यात दोन पुरुषांचं प्रेम आहे. चिटणीसांच्या निरोपात हे नव्हतं. मी म्हातारी आई आणि सासूबाईंना घेऊन येणार. निरोपात स्पष्ट लिहायला नको होतं काय? मी भांडत नाही, विचारतोय.

चिटणीस
सकाळी १०.५०

कोल्हापूरचं नको. फेब्रुवारीत भाषेच्या वादावरून दोन्ही राज्यांतल्या एसटी गाड्या थांबल्या तेव्हा चंदगडची आपली मंडळी कशी अडकली ते आठवा. आणि मुद्दा बेळगावात लागण्याचाच आहे. इथले लोक बघायला येतात हे इथल्या थिएटरवाल्याला दिसलं पाहिजे.

निपाणीकरांच्या दुसऱ्या प्रश्नावर : मी मुद्दाम लपवलं नाही. पारितोषिकाची बातमी आली तेव्हा सगळं छापून आलं होतं, म्हणून गृहीत धरलं. तसं लिहावं असं कुणाला वाटत असेल तर लिहितो.

अक्का, अनगोळ
सकाळी ११.४०

मी इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते.

माझ्या भावाचा मुलगा बेंगळूरला असतो. भाऊ गेला तेव्हा तो दहा दिवस इथे होता. मलप्रभेवर दहावा झाला, पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला, तर एका बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं, "पोराचं लग्न बघायचं राहिलं ना, म्हणून जीव अडकलाय." तो पोरगा ओल्या धोतरात उभा होता. पस्तीस वर्षांचा. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला तेव्हा कळलं की याचं काहीतरी वेगळं आहे आणि ते हा कधी बोलणार नाही. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, तेही मला ठाऊक नाही. तो आता दिवाळीला येत नाही.

निपाणीचे भाऊ, निरोपात लिहा. माझं म्हणणं लिहावंच. लपवून आणल्यासारखं नको. पण 'लहान मुलांना आणू नये' अशा सावधगिरीच्या सुरात लिहू नका. 'वडील गेल्यावर गावी आलेल्या मुलाची आणि त्याच्या मित्राची प्रेमकथा' असं सरळ लिहा. ज्यांना यायचं ते येतील. माझी तीन तिकिटं, तिसरं शेजारच्या पाटील मावशींचं. घरी कन्नड बोलतात, पण मराठी सिनेमा माझ्यापेक्षा जास्त बघतात.

निपाणी
दुपारी १२.०५

अक्का, वाचलो. तसंच लिहा, चिटणीस. आईला मी सांगतो.

मस्कतहून
दुपारी १२.३०

इथे कधी येईल ते कळत नाही, पण अक्कांचं वाचून राहवलं नाही. बाबा गेले तेव्हा मी चौथ्या दिवशी पोहोचलो आणि नवव्या दिवशी परत निघालो, रजाच तेवढी होती. दहावा धाकट्याने केला. लोक म्हणाले, थोरला असून गेला. दहा दिवस एका जागी बसून राहायला मिळणं हे केवढं मोठं आहे, ते मला नंतर समजलं. त्या दिवसांत आईशी जे बोलणं होतं ते पुढे वर्षभरात होत नाही. हा दिग्दर्शकही स्वतःचे वडील गेल्यावरच्या दिवसांतून या गोष्टीपर्यंत आला, असं वाचलं. रोहन कानवडे. पहिलाच मोठा सिनेमा आहे त्याचा.

माझ्या आईला कुणीतरी घेऊन जाल का? घर सांस्कृतिक समितीला माहीत आहे. दोन तिकिटांचे पैसे पाठवतो.

खजिनदार
दुपारी १२.४०

मस्कतचे पैसे मिळाले. तुमच्या आईंना मी स्वतः घेऊन जाईन.

अण्णा, शहापूर
दुपारी १.१५

मंगळवार होत असेल तर माझी चार धरा. आणि मुंबईची पोरं दहा दिवसांत कंटाळतात असं माझं मत होतं. मस्कतच्या मुलानं लिहिलेलं वाचून ते जरा बदललं.

चिटणीस
संध्याकाळी ५.४०

मंगळवार, २३ तारीख, संध्याकाळी ६.३०. थिएटरवाल्यांनी मान्य केलं. रविवार रद्द. समितीची यादी आज दुपारी घेतली, ती आधीच घ्यायला हवी होती, चूक कबूल. एकतीस नावं पैशांसकट आहेत. नऊ हवीत, सोमवार दुपारपर्यंत. निरोपात अक्कांचं वाक्य जसंच्या तसं घातलं आहे.

सांस्कृतिक समिती, हिंदवाडी
रविवार, २१ सप्टेंबर, रात्री ९.१०

नऊ झाली. वर पाच. पाचही नावं बेंगळूर-पुण्याला शिकणाऱ्या आणि नवरात्राला घरी आलेल्या पोरांची. कार्यकारिणीने आजवर आणली नव्हती एवढी तरुण मंडळी या एका सिनेमाला येताहेत, याची नोंद बैठकीत व्हावी.

खानापूर
बुधवार, २४ सप्टेंबर, सकाळी ६.५०

काल रात्री परतायला अकरा झाले. थिएटरात एवढी शांतता मी ऐकली नव्हती. पुढच्या रांगेतल्या पोरांनी फोन काढले नाहीत. भाषा नगरकडची, आमच्याहून वेगळी, खरं, दहा मिनिटांत आमचीच वाटायला लागली. नातवाला परत येताना बोंडाचं सगळं सांगितलो. तो म्हणाला, आता कुठं मिळतील? शोधतो म्हटलं.

अण्णा, शहापूर
सकाळी ८.३०

रविवारी बारा दहाला कावळा शिवला, ते सांगायचं राहिलं.

सिनेमाबद्दल मी जास्त बोलू शकत नाही. त्यातल्या आईकडं बघून मला माझी आई आठवली. वडील गेल्यावर तीही अशीच सगळ्यांना उत्तरं देत बसली होती, स्वतः कधी रडली ते आम्ही बघितलो नाही. थिएटरातून बाहेर आल्यावर मुंबईच्या मुलाला फोन लावलो. त्याच्या लग्नाचा विषय मी दर वेळी काढतो. काल काढलो नाही. जेवलास काय, एवढंच विचारलो. तोच अर्धा तास बोलत बसला.

निपाणी
सकाळी ९.१५

आईला आवडला. म्हणाली, दोघं पोरं चांगली आहेत, पुढं त्यांचं बरं होऊ दे. सासूबाई गाडीत काही बोलल्या नाहीत, आज सकाळी विचारत होत्या की त्या मुलाची आई खऱ्या आयुष्यात कोण आहे.

चिटणीस, दुसरा शो मिळेल काय? चिकोडीच्या बहिणीला यायचं आहे, तिच्याबरोबर आणखी सात जणी आहेत. पैसे मी आजच भरतो.